भिंग घासणारे हात



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पुस्तके वाचली ती पाळी सुटल्यावर. म्हणून योसेफ फ्राउनहोफर आम्हांला जवळचा वाटतो.

१७८७ साली बव्हेरियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला व म्युनिकला एका आरसेवाल्याकडे उमेदवारीला लागला. मालक त्याला वाचू देत नसे. १८०१ मध्ये ते घर कोसळले; मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. तिथल्या अधिपतीने दिलेल्या १८ मोहरांतून त्याने काच घासण्याचे यंत्र घेतले!

भिंग घडते कसे? काचेची चकती बाकदार साच्यावर घासायची. आधी जाड कुरुंदाने, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी तांबड्या लोहभस्माने झिलई. पण बाक किती द्यावा? एकटे भिंग सगळे रंग एका बिंदूत आणीत नाही. दोन जातींच्या काचांची जोडी जमवावी लागते. कोणती काच कोणता रंग किती वाकवते, हे नेमके मोजता येत नव्हते. कारागीर अंदाजाने घाशीत.

१८१४ च्या सुमारास फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांना खुणा मानून ते मोजले. अंदाजाच्या जागी गणित आले. तरीही म्युनिकच्या विद्वत्सभेत त्याला घेताना, हा विद्यापीठात शिकलेला नाही, अशी हरकत निघालीच. १८२६ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला.

हात आणि हिशेब यांची ताटातूट कोणी करू नये. म्हणून या गावाकडे आमचे एकच मागणे आहे : वाचनालयाचे दार पाळी सुटल्यावरही उघडे राहू द्या.