कोठाराची किल्ली

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपत्तीच्या काळात बाईचं काय होतं, यावर सकाळपासून आपण बोलतो आहोत. निवारा, आरोग्य, छावणीतली सुरक्षितता, सगळं झालं. माझ्याकडे धान्याचा विषय आला आहे, आणि त्यातही शेजारी देशांनी मिळून आपत्तीसाठी राखून ठेवायच्या धान्याचा. विषय जाहीर झाला तेव्हा दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. हे दिल्लीतल्या साहेबांचं काम, आपला काय संबंध, असं त्यांना वाटलं असणार. मलाही आधी तसंच वाटायचं. म्हणून मी दिल्लीपासून सुरुवात करत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका गावापासून करते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. कृष्णाकाठच्या एका गावात आमचा गट कामाला होता. पाणी ओसरत होतं, लोक शाळेत राहत होते आणि धान्यवाटपाची यादी सुरू होती. रांगेत एक तिशीतली बाई होती, दोन मुलं बरोबर. नवऱ्यानं टाकलेली, सहा वर्षं आईकडे राहणारी. तिचं नाव मात्र अजून सासरच्या रेशनकार्डावर, दुसऱ्या तालुक्यात. यादी करणारा म्हणाला, "तुमचं नाव तिकडं आहे, तिकडं मागा." तिकडं जायला रस्ता पाण्याखाली होता. आणि रस्ता असता तरी ती तिथं जाणार कशी? ती बाई भांडली नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "ताई, पाणी शिरताना कुणाचं कार्ड बघितलं नव्हतं बघा."

त्याच दिवसांत एक शासन निर्णय गाजला होता. घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असेल, तर कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत. लोक संतापले आणि ते साहजिक होतं. दीड दिवस पाण्यात राहिलेली चूल पेटते का? कणगीतलं धान्य दीड दिवसात भिजत नाही का?

धान्य नव्हतं असं नाही. धान्य होतं. अडलं ते कशावर? 'तुम्ही खरोखर गरजू आहात हे आधी सिद्ध करा' या अटीवर. हा धागा लक्षात ठेवा. आता आपण गावातून निघून देशांच्या सीमेवर जाऊ. तिथंही हाच धागा सापडतो.

सार्क ही दक्षिण आशियातल्या देशांची संघटना. तिच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये काठमांडूला एक करार केला आणि १९८८ मध्ये तो अमलात आला. कल्पना अगदी साधी होती, आपल्या खेड्यातल्या बाया करतात तशी. प्रत्येकीनं मूठभर बाजूला काढायचं आणि जिच्यावर वेळ येईल तिनं त्यातून घ्यायचं. सगळ्या देशांचं मिळून सुमारे २ लाख टन धान्य राखीव ठेवायचं ठरलं.

तीनच वर्षांत परीक्षेची वेळ आली. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशाच्या चितगाव किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. त्या वादळानंतरच्या पाहण्यांतला एक आकडा स्त्री-चळवळीत वारंवार सांगितला जातो, तो इथंही सांगते. २० ते ४४ वयोगटात दर हजारी ७१ स्त्रिया मेल्या, तर पुरुष १५. का? लेकरं, म्हातारी माणसं आणि घरातली चीजवस्तू सांभाळत बाया घरातच थांबल्या. अंगावरची साडी पाण्यात पायात अडकत होती. पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात जायची चोरी होती. आणि ज्या वाचल्या त्यांच्यावर पुन्हा घराला खायला घालायची जबाबदारी.

त्या वेळी सार्कचं राखीव धान्य कुठं होतं? जिथल्या तिथं. १९८८ चा तो साठा कधीच वापरला गेला नाही. १९९१ मध्ये नाही आणि त्यानंतरही नाही. साठ्यातून मिळवण्याची रीत इतकी किचकट होती की त्यापेक्षा दुसरीकडे हात पसरणं सोपं.

मग एप्रिल २००७ मध्ये दिल्लीच्या शिखर परिषदेत नवा करार झाला, 'सार्क अन्न बँक' या नावानं. सुरुवातीचा साठा २ लाख ४१ हजार ५८० टन. त्यात भारताचा वाटा १ लाख ५३ हजार २०० टन, बांगलादेश आणि पाकिस्तानचा प्रत्येकी ४० हजार, नेपाळ आणि श्रीलंकेचा प्रत्येकी ४ हजार, मालदीवचा २०० आणि भूतानचा १८० टन. पुढे अफगाणिस्तान आला, वाटे दुप्पट झाले आणि एकूण आकडा ४ लाख ८६ हजार टनांवर गेला.

हा आकडा लहान की मोठा? आपण आपल्या पद्धतीनं हिशोब करू. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरा. १ कोटी आपद्ग्रस्तांना रोज ४ हजार टन लागेल. म्हणजे हा साठा १ कोटी माणसांना चार महिने पुरतो. कुठल्याही एका वादळाला किंवा भूकंपाला ही मदत थोडी नव्हे. आणि भारताला हे जड आहे का? १ जुलैला आपल्या सरकारी कोठारात किमान ४११ लाख टन गहू-तांदूळ असावा, असा नियम २०१५ मध्ये ठरला. त्यापुढे अन्न बँकेतला आपला वाटा तीन लाख टनांच्या जरा वर. शंभरातला एकसुद्धा पूर्ण नाही.

मग अडतं कुठं? तीन ठिकाणी.

पहिली अडचण किल्लीची. हे धान्य एका सामाईक कोठारात नसतं. प्रत्येक देशानं आपला वाटा आपल्याच गोदामात, आपल्याच ताब्यात ठेवायचा. म्हणजे भिशीचे पैसे गोळा झाले, पण प्रत्येकीच्या हिश्शाच्या डब्याला तिच्या घरचं कुलूप. वेळ आली की दारोदार जाऊन मागायचं.

दुसरी अडचण अटीची. संकट मोठं आहे आणि आपल्या स्वतःच्या साठ्यावर निभावत नाही, हे मागणाऱ्या देशानं दाखवायचं. धान्याची तूट मोजायला मूळ करारात असं माप होतं की उत्पादन आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा ८ टक्क्यांनी घटलं पाहिजे. देशाची सरासरी! वादळ सगळ्या देशावर येत नाही. ते एका किनाऱ्यावर येतं, चार-सहा जिल्हे धुऊन नेतं. देशाची सरासरी जागच्या जागी राहते आणि त्या जिल्ह्यातल्या बाईचं मडकं रिकामं असतं. दोन दिवस पाण्याखालचं घर आणि ८ टक्क्यांची तूट ही मापं एकाच डोक्यातून निघालेली आहेत, असं मला वाटतं.

तिसरी अडचण भावाची. किंमत आणि पैसे देण्याच्या अटी दोन देशांनी आपसात बोलून ठरवायच्या. इतरांना लावतो त्यापेक्षा भाव साधारणपणे कमी असावा, एवढंच करार म्हणतो. अशा वाटाघाटींचं काय होतं हे त्याच वर्षी दिसलं. १५ नोव्हेंबर २००७ ला 'सिद्र' चक्रीवादळानं बांगलादेशात तीन हजारांहून जास्त माणसं घेतली. अन्न बँक अजून सुरू झाली नव्हती. भारतानं तांदळाच्या निर्यातीवर बंधनं घातली होती, तरी बांगलादेशाला ५ लाख टन तांदूळ देऊ असं जाहीर केलं. चांगली गोष्ट. पण तो विकत द्यायचा होता आणि भावाची घासाघीस महिनोन् महिने चालली. पोट महिनोन् महिने थांबत नाही, मैत्रिणींनो. पुरुष कामाच्या शोधात शहराकडे जाऊ शकतो. बाई लेकरं घेऊन तिथंच राहते, आधी स्वतःचं जेवण कमी करते, मग शेळी विकते, मग मुलीला शाळेतून काढते. भाव ठरेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं.

कुणी म्हणेल, देशादेशांचे संबंधच बिघडलेले असताना हे होणार कसं? खरं आहे. काठमांडूच्या २०१४ च्या परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. पण संबंध बिघडतात म्हणूनच नियम आधी पक्के असायला हवेत. नाहीतर मदत ही मर्जीची गोष्ट होते. आज मैत्री आहे, आज धान्य आहे.

आणि मनात आलं तर धान्य हलतं, हेही आपण पाहिलं आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेत अन्नाचे आणि इंधनाचे हाल झाले, तेव्हा तमिळनाडू राज्यानं ४० हजार टन तांदूळ, दूध पावडर आणि औषधं पाठवायचं ठरवलं, आणि मे महिन्यात चेन्नईहून पहिलं जहाज निघालंसुद्धा. समुद्र तोच, सीमा तीच. पण ते एका राज्याच्या इच्छेवर झालं, श्रीलंकेतल्या बाईचा हक्क म्हणून नव्हे.

दुसऱ्या वाटेनं जाता येतं का? आग्नेय आशियाकडे बघा. आसियान देशांनी १९७९ मध्येच ५० हजार टन तांदळाचा राखीव साठा ठरवला होता. तोही आपल्यासारखाच कागदावर राहिला. पण ते तिथं थांबले नाहीत. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी चीन, जपान आणि दक्षिण कोरियाला बरोबर घेऊन नवा करार केला. एकूण ७ लाख ८७ हजार टन तांदळाची हमी, आणि कामकाज बघायला बँकॉकला कायमचं कार्यालय. यातला मोठा भाग देशांच्या ताब्यातच राहतो आणि तो विकतच मिळतो, हे सांगायला हवं. पण त्यांनी एक वेगळा, लहानसा हिस्सा ठेवला. तो दान म्हणून आलेल्या तांदळाचा. तो गरजेच्या जागी आधीच नेऊन ठेवता येतो आणि आपत्तीत फुकट वाटता येतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपाइन्सला 'हैयान' वादळाचा तडाखा बसला, तेव्हा या व्यवस्थेतून तिथं तांदूळ पोचला. गरजेच्या मानानं तो थोडाच होता. पण दार उघडलं.

आता अगदी जवळचं उदाहरण. तेलंगणातल्या झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांच्या संघमांनी १९९० च्या दशकात पडीक जमिनी लागवडीला आणल्या आणि ज्वारीचे गावकोठार उभे केले. गावातलं गरीब कोण, हे कुठल्या कार्डावरून ठरवलं नाही. गावानं एकत्र बसून घराघरांची परिस्थिती मांडली आणि कुणाला किती द्यायचं ते ठरवलं. किल्ली बायांकडे. जिला धान्य मोजून चूल चालवायची सवय आहे, तिला सांगावं लागत नाही की कुणाच्या घरात दोन दिवस धूर निघालेला नाही.

म्हणून मला वाटतं, हा विषय साहेबांवर सोडून चालणार नाही. आपल्या संघटनांनी चार मागण्या लावून धराव्यात.

एक : आपत्ती जाहीर झाली की ठरलेला पहिला हप्ता आपोआप निघाला पाहिजे. हिशोब, पुरावे, भाव हे सगळं नंतर. निदान काही हिस्सा पूर्णपणे मोफत असावा.

दोन : धान्य पुराच्या, वादळाच्या वाटेवर आधीच नेऊन ठेवलं पाहिजे. उत्तर बंगालमधून नेपाळ, भूतान आणि बांगलादेश, तिन्ही जवळ आहेत. तिथं काही साठा का नसावा? आणि हाच नियम आपल्या कृष्णाकाठालाही लावा.

तीन : वाटप कार्डावर नव्हे, माणसावर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीला रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख मानलं. ते आपल्या चळवळीचंही यश आहे. पण परित्यक्ता, विधवा, एकटी राहणारी, घर सोडून आलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब आहे, हे छावणीतल्या यादीत अजून उतरायचं आहे.

चार : निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर, गावच्या वाटप समितीपासून देशांच्या मंडळापर्यंत, स्त्रिया हव्यात. नुसत्या सहीपुरत्या नकोत. तांदूळ पाठवला पण सरपण नाही, भांडं नाही, बाळंतिणीला पचेल असं काही नाही, हे लक्षात येणाऱ्या हव्यात.

यातलं पहिलं पाऊल आपल्या हातात आहे. या पावसाळ्याआधी आपापल्या गावात, वस्तीत एक यादी करा. ज्यांचं नाव कुठल्याच कार्डावर नाही किंवा चुकीच्या कार्डावर आहे अशा बायांची. ती ग्रामसभेत वाचा, तहसील कार्यालयात द्या, पोच घ्या. पूर आल्यावर भांडायला वेळ नसतो. बांगलादेशात, नेपाळमध्ये आपल्यासारख्याच बायका आपल्यासारख्याच संघटना चालवतात. त्यांच्या याद्या आणि आपल्या याद्या जेव्हा शेजारी शेजारी ठेवल्या जातील, तेव्हा साहेबांच्या टेबलावरच्या ८ टक्क्यांना उत्तर मिळेल.

सांगलीच्या त्या बाईला त्या दिवशी धान्य मिळालं. पण ते तिच्या हक्कानं नाही. आमच्या गटातल्या एकीनं आरडाओरडा केला म्हणून. प्रत्येक रांगेत आरडाओरडा करायला आपण असणार नाही. म्हणून नियम बदलायला हवा.