घरची शिकवणी



चंडीगडच्या शाळांतून आपली मुले बहुधा इंग्रजी, हिंदी आणि पंजाबी शिकतात. मराठी ही केवळ आपल्या हौसेची बाब. आमची कन्या तिसरीत गेली तरी तिला आजीचे पत्र वाचता येईना, तेव्हा आम्ही मराठीच्या शिकवणीसाठी शोधाशोध आरंभली.

लिपी हिंदीचीच, तेव्हा काम सोपे, अशी आमची समजूत होती. पहिल्या शिक्षकांकडे महिनाभर अक्षरे गिरवूनही 'चाक' आणि 'चार' यांतला च एकच राहिला, आणि 'बाळा'चे 'बाल' झाले. अखेर चंडीमंदिर छावणीत एका सुभेदारसाहेबांच्या साताऱ्याकडच्या सौभाग्यवती भेटल्या. त्यांनी बालभारतीचे पुस्तक बाजूस ठेवले, मुलीस भाकरी थापावयास बसविले आणि त्या नुसत्या बोलत राहिल्या. चार महिन्यांत दोन्ही च निराळे झाले. ळ मात्र तिला शेजारच्या पंजाबी आजींनी दिला. पंजाबीतही तो उच्चार आहे, हे इतकी वर्षे येथे राहूनही आमच्या ध्यानी आले नव्हते!

बाईंनी शिकवणीचे पैसे घेतले नाहीत. वर्षभराने त्यांची बदली झाली. आता दुसऱ्या कोणाकडे जाशील, असे विचारताच कन्या म्हणाली, "पण तुम्ही दोघं घरी हिंदी का बोलता?"

आम्ही निरुत्तर झालो. तेव्हापासून रात्रीचे जेवण मराठीत होते. आमच्या तोंडी अजून अधूनमधून 'नमक' येते. ती मिठाचे भांडे हातात धरून थांबते.