जुना गेमबॉय: किंमत कशाची आणि कोणासाठी?

लोकलमध्ये दांडी धरून ऐकणारे, हॉस्टेलच्या गादीवर लोळत ऐकणारे, भांडी घासता घासता ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत.

सध्या दोन प्रश्न सतत येतायत. पहिला, "माळ्यावर जुना हातातला व्हिडिओ गेम सापडलाय, लाखाला जाईल का?" दुसरा, "पहिल्या पगारातून ओरिजिनल गेमबॉय घ्यावा म्हणतोय. गुंतवणूक म्हणून बरा पडेल का?" एकाला विकायचंय, एकाला घ्यायचंय. दोघांचं उत्तर आज एकत्रच देते, कारण ते एकच आहे.

आधी वाईट बातमी. माळ्यावर सापडलेल्या त्या डब्यावर '९९९९ इन १' असं काही छापलेलं असेल आणि आत ठोकळे पडत असतील, तर तो ब्रिक गेम. जत्रेत, एसटी स्टँडबाहेरच्या दुकानात मिळायचा तोच. टेट्रिसची नक्कल, कितीतरी कारखान्यांनी काढलेली, आणि तसाच गेम आजही नवा मिळतो. त्याचे लाख सोडा, चांगल्या जेवणाचे पैसे सुटले तरी खूप. तो विकू नका, सेल घाला आणि खेळा.

आता ज्याला खरंच भाव आहे त्याच्याकडे येऊ. १९८० साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'गेम अँड वॉच' नावाची मालिका सुरू केली. डिझायनर गुनपेई योकोई. असं सांगतात की, बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि तिथून ही कल्पना सुचली. एका यंत्रात एक गेम, वर घड्याळ. जगभर ४ कोटी ३४ लाख यंत्रं विकली गेली. मग १९८९ मध्ये याच योकोईंच्या टीमने गेमबॉय आणला. हिरवट स्क्रीन, रंग नाही, मागून प्रकाश नाही. त्याच सुमाराला अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर रंगीत स्क्रीन घेऊन आले होते. पण ते सहा पेन्सिल सेल काही तासांत फस्त करायचे. गेमबॉय चार सेलवर त्यांच्या कितीतरी पट चालायचा. स्वस्त, मजबूत आणि सेल पुरवून खाणारा. गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले.

आता गंमत बघा. ११ कोटी विकलेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? नसतेच. म्हणून साधा, खोका नसलेला, वापरलेला गेमबॉय काही खजिना नाही. जुनं म्हणजे महाग हा पहिला गैरसमज. भाव ठरतो तीन गोष्टींवर.

एक, किती बनले हे नाही, किती टिकले हे. गेमबॉयच्या गेमचे खोके पुठ्ठ्याचे होते. पोरांनी वाढदिवसाला खोका फाडला, कार्ट्रिज काढलं, खोका रद्दीत. त्यामुळे आज पुष्कळदा आतल्या गेमपेक्षा रिकाम्या खोक्याला आणि माहितीपुस्तकाला जास्त भाव येतो. संग्राहकांच्या भाषेत नुसतं कार्ट्रिज म्हणजे 'लूज', आणि खोका-पुस्तकासकट म्हणजे 'कम्प्लीट'. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

दोन, लहानपणी ज्यांना मिळालं नाही, त्यांच्या हातात आता पैसा आला का? 'पोकेमॉन रेड'सारखे गेम कोट्यवधींनी विकले गेले, तरी मागणी हटत नाही. कारण तेव्हाची दहा वर्षांची पोरं आता कमावती आहेत. म्हणजे हा भाव एका पिढीच्या आठवणीवर उभा आहे. ती पिढी म्हातारी झाल्यावर तो तसाच राहील, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडे विकायला माल आहे असं समजा.

तीन, तो गेम दुसरीकडे कुठे मिळतो का? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला. २०१० च्या आधी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. त्याच वर्षी निन्टेंडोने ३डीएसचं ऑनलाइन दुकान बंद केलं. दुकान गेलं की उरतं ते फक्त कार्ट्रिज.

मग २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४'चं एक सीलबंद खोकं १५ लाख ६० हजार डॉलरला गेलं, ते? तो हातातला गेम नव्हे, टीव्हीला जोडायचा. आणि तो पैसा गेमसाठी नव्हताच, न फाटलेल्या प्लास्टिकसाठी होता. ती बातमी वाचून माळा उपसू नका.

आता घेणाऱ्यांसाठी. बाजारात नकली कार्ट्रिज ढिगाने आहेत, पोकेमॉनची तर विचारू नका. तीन गोष्टी तपासा. खऱ्या कार्ट्रिजच्या स्टिकरवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरकं धरलं की दिसतात. गेमबॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजमध्ये सोनेरी पट्ट्यांच्या वर सर्किटवर निन्टेंडोचं नाव दिसलं पाहिजे. आणि 'फायर रेड' उघडल्यावर आत बॅटरी दिसली तर तो नकली, कारण खऱ्याला बॅटरी लागतच नाही.

किंमत बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा बघू नका. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' असा फिल्टर आहे, तो लावा. मागणारा काहीही मागेल, दिलं किती ते महत्त्वाचं. परदेशातून मागवत असाल तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा.

घरात आणल्यावर पहिलं काम, सेल काढून ठेवा. गळलेला सेल गेमबॉयचा सगळ्यात मोठा शत्रू. पांढरट-हिरवट थर चढलाच असेल तर इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. गेम गिअर घेत असाल तर आतले कपॅसिटर हमखास गळतात, तेव्हा दुरुस्तीचा खर्च आधीच धरा. आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा.

शेवटचा मुद्दा, विकणाऱ्यांसाठी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या पोकेमॉन कार्ट्रिजमध्ये एक बटण-सेल असतो. 'रेड', 'ब्लू', 'गोल्ड', 'सिल्व्हर' यांचा सेव्ह त्या सेलवर जिवंत असतो. सेल मेला की सेव्ह गेला. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तोच सेल घड्याळही चालवतो, म्हणून तो आधी संपतो. 'रुबी', 'सफायर'मध्ये मात्र सेल संपला तर घड्याळ थांबतं, सेव्ह राहतो.

आता विचार करा. त्या सेव्हमध्ये कोणीतरी आपल्या पोकेमॉनला धाकट्या बहिणीचं नाव दिलेलं असतं. खेळाडूचं नाव म्हणून दादाने स्वतःचं नाव टाकलेलं असतं, वर किती तास खेळला तो आकडाही असतो. खरेदीदार नवा सेल टाकेल, आणि जुना काढला की ते सगळं एका क्षणात पुसलं जाईल. त्याला त्याचं काही वाटणार नाही, वाटायचं कारणही नाही. त्याच्या लेखी ते शून्य रुपयांचं आहे. तुमच्या घरात तेच सगळ्यात महाग असू शकतं.

म्हणून विकण्याआधी एकदा गेम चालू करा. सेव्ह उघडतोय? मग ज्याचा तो आहे त्याला फोन करून विचारा. ठेवायचा असेल तर कार्ट्रिज रीडर नावाचं छोटं यंत्र मिळतं, ते यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून सेव्हची फाइल काढून घेता येते. पण सेल जिवंत आहे तोवरच.

तर उत्तर काय? गुंतवणूक म्हणून घेऊ नका, त्यासाठी एसआयपी आहे. खेळायचं असेल तर जरूर घ्या. आणि विकायचं असेल तर भाव विचारायच्या आधी घरच्यांना विचारा.

तुमच्या घरी कुठलं कार्ट्रिज आहे, त्यातला सेव्ह कोणाचा आहे, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर सेल काढून ठेवा!