मथळ्याचे अक्षर



मजकुराचे अक्षर आणि मथळ्याचे अक्षर ही एका घरची भावंडे असली, तरी त्यांची कामे इतकी निराळी आहेत की एकाच्या जागी दुसऱ्यास बसविण्याची जी खोड आज आपल्या छापखान्यांना, कचेऱ्यांना आणि फ्लेक्सच्या दुकानांना जडली आहे, तिच्याविषयी या व्यासपीठावरून एकदा सविस्तर बोलावे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. मजकुराचे अक्षर वाचकाबरोबर शेकडो ओळी चालावयाचे असते. मथळ्याच्या अक्षरास चार-दोन शब्दच सांभाळावयाचे असतात, परंतु ते चार-दोन शब्द रस्त्याच्या पलीकडून, पुस्तकांच्या दुकानातील मांडणीवरून किंवा वर्तमानपत्राच्या घडीतून माणसाच्या दृष्टीस पडावयाचे असतात, आणि दृष्टीस पडता क्षणीच आत काय मजकूर आहे याची कल्पना त्यास द्यावयाची असते.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी हा भेद कोणास समजावून सांगावा लागत नसे, कारण तो धंद्याच्या रीतीतच मुरलेला होता. १२ पॉइंटांचा खिळा आणि ४८ पॉइंटांचा खिळा यांच्यासाठी निरनिराळ्या पोलादी मुद्रा कोराव्या लागत. आणि मुद्रा कोरणारा कारागीर लहान मापात अक्षराच्या पोकळ्या मोकळ्या ठेवी, गाठी सैल करी, तर मोठ्या मापात बारीक रेषेस नाजूकपणा आणि जाड रेषेस भार देण्याची मुभा घेई. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने नागरी अक्षराची जी प्रतिष्ठा एकोणिसाव्या शतकात निर्माण केली, तिच्या मुळाशी डोळ्याचा आणि हाताचा असाच काटेकोरपणा होता. संगणकावर मात्र एकच रेखाटन ८ पॉइंटांसाठी आणि आठ फुटांसाठी ताणले जाते. र. कृ. जोशी यांच्यासारख्या श्रेष्ठ अक्षरकाराने मायक्रोसॉफ्टसाठी केलेले ‘मंगल’ हे वळण संगणकाच्या पडद्यावरील बारीक मजकूर नीट वाचता यावा म्हणून सिद्ध झाले. तेच वळण सभागृहाच्या दारावरील दहा फुटी फलकावर फुगवून लावलेले मी पाहतो, तेव्हा त्यात जोशींचा तिळमात्र दोष नसून निवडणाऱ्याने निवड केलीच नाही, यंत्राने जे अक्षर पुढे केले ते मुकाट्याने स्वीकारले, एवढाच त्याचा अर्थ मी करतो.

तर मग निवड करावी कशी? माझे सांगणे एका वाक्यात मावणारे आहे: मथळ्याचे अक्षर त्या मथळ्यातील शब्दांवरूनच निवडावे, नमुन्याच्या पुस्तकावरून निवडू नये. हे वाक्य मी पुस्तकात वाचलेले नाही; ते मला एका चुकीने शिकविले. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका संस्थेच्या गौरवग्रंथाचे मुखपृष्ठ करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ग्रंथाचे नाव ‘कृतज्ञता’ असे मुक्रर झाले होते. मी नमुन्यांची पाने चाळली आणि एक जाड, भरदार वळण पसंत केले. नमुन्यात त्या वळणात ‘कमल’ आणि ‘गगन’ असे शब्द छापले होते, आणि ते खरोखरच देखणे दिसत होते. परंतु ‘कमल’ शब्दात ना जोडाक्षर, ना वेलांटी, ना उकार. नमुना काढणाऱ्याने आपल्या अक्षराची उजळ बाजूच तेवढी दाखविली होती, आणि ते त्याच्या दृष्टीने स्वाभाविकही होते. माझ्या शब्दात पहिल्याच अक्षराखाली ऋकार होता आणि मध्यभागी ‘ज्ञ’ होता. खरबरीत कागदावर शाई चढली, तेव्हा ‘ज्ञ’ची पोटातील पोकळी बुजून तेथे एक काळा ठिपका उरला, आणि ऋकाराची शेपटी खालच्या ओळीतील संस्थेच्या नावावरील रफारात जाऊन अडकली. सातशे प्रती छापून झाल्या होत्या. त्या दिवसापासून आजतागायत मी कोणतेही अक्षर पसंत करण्यापूर्वी, ज्या शब्दांसाठी ते हवे आहे ते शब्द त्यात जुळवून, खऱ्या मापात छापून, भिंतीवर लावून पाहतो.

या परीक्षेत नागरी लिपी जे प्रश्न विचारते, ते रोमन लिपीच्या संगतीत तयार झालेल्या नियमांना ठाऊकच नाहीत. नागरीस मोठी आणि लहान अशी दोन अक्षरकुळे नाहीत; म्हणून इंग्रजी मथळा नुसत्या मोठ्या लिपीत लिहून जो दबदबा आणता येतो, तो आपणांस जाडी, माप आणि वळण यांतूनच आणावा लागतो. उलट, नागरी अक्षर तीन मजल्यांचे आहे: मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तळमजल्यावर उकार आणि ऋकार. एका ओळीचा मथळा असेल तर हे तिन्ही मजले सुखाने नांदतात. दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीचा तळमजला आणि खालच्या ओळीचा माळा यांची एकमेकांशी टक्कर सुरू होते. अशा वेळी ओळींतील अंतर वाढवीत बसण्यापेक्षा ओळ कोठे तोडावी याचा विचार आधी करावा, कारण ‘मूल्य’, ‘पुनर्वसन’ किंवा ‘कर्तृत्व’ असा शब्द वरच्या ओळीतून खालच्या ओळीत आणल्याने पुष्कळदा सारा तंटा मिटतो. संपादक आणि मुद्रक एका मेजाशी बसत होते, तेव्हा अशी तडजोड दोन मिनिटांत होत असे.

शिरोरेषेविषयी मला थोडे अधिक बोलू द्या, कारण अलीकडे तिच्यावर जो अत्याचार चालला आहे तो मला पाहवत नाही. रोमन मथळ्यात अक्षरे एकमेकांपासून दूर सारून रुबाब आणण्याची एक रीत आहे, आणि तीत गैर काहीच नाही, कारण त्या लिपीतील प्रत्येक छापील अक्षर स्वतंत्र उभे असते. तीच रीत संगणकातील एक आकडा बदलून नागरीवर लादली, म्हणजे शिरोरेषेचे तुकडे होतात आणि एक शब्द दिसण्याऐवजी पाच-सहा अनोळखी अक्षरे दिसू लागतात. शिरोरेषा ही आपल्या शब्दाची सीमा आहे. जेथे ती संपते तेथे शब्द संपला, असे वाचक लहानपणापासून शिकलेला असतो. ज्यास शब्द रुंद हवा असेल त्याने मुळात रुंद काढलेले वळण शोधावे, आणि ज्यास अरुंद हवा असेल त्याने मुळात अरुंद काढलेले. आठ कॉलमी मथळ्यात शब्द मावत नाही म्हणून अक्षर दोन्ही बाजूंनी दाबणे हीदेखील तशीच जुलमाची गोष्ट आहे: उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र पूर्वीइतकीच जाड राहते, आणि अक्षर ओझ्याखाली वाकल्यासारखे दिसते. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ हे मथळ्यासाठीच आखडून काढलेले वळण घेऊन पाहावे. त्यात रेषांचे प्रमाण काढणाऱ्याने स्वतः सांभाळलेले आहे, आणि दाबलेले अक्षर व आखडून काढलेले अक्षर यांतील तफावत शेजारी शेजारी ठेवल्यास अननुभवी डोळ्यासही कळते.

मराठीसाठी निवड करणाऱ्यास याखेरीज आणखी एक तपासणी करावी लागते. नागरी वळणे अनेकदा हिंदी लेखन डोळ्यांपुढे ठेवून काढली जातात. अशा संचात ‘ळ’ हे अक्षर कोठेतरी उपऱ्यासारखे घातलेले आढळते, ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’ची चंद्रकोर कधी सापडतच नाही, तर कधी सापडते पण शेजारच्या अक्षरास चिकटत नाही, आणि ‘ॲ’ लिहावयाचा झाल्यास अक्षर आणि त्यावरील चंद्र यांची फारकत झालेली दिसते. ‘ल’ आणि ‘श’ यांची तर स्थिती अशी की चांगल्या संचात मराठी वळणाची अक्षरे मुळात काढून ठेवलेली असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकास सांगितल्यावाचून ती बाहेर येत नाहीत. जुळणाऱ्यास हे ठाऊक नसल्यामुळे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ संचात असूनही मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येत नाहीत. हा अभिमानाचा हट्ट आहे असे कोणी समजू नये. मराठी मुलाने शाळेत जो ‘ल’ गिरविला, तोच त्याला मोठेपणी आपल्या गावाच्या पाटीवर दिसावा, इतकीच ही साधी अपेक्षा आहे.

आता जुन्या कारागिरांकडे वळतो, कारण शब्दावरून अक्षर ठरविण्याची विद्या त्यांच्याजवळ परिपूर्ण होती. मथळा हाताने रेखाटून त्याचा जस्ताचा ब्लॉक करण्याचा शिरस्ता होता, त्या काळी चित्रकारापुढे प्रथम शब्द येई आणि अक्षर मागाहून जन्मास येई. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठी जी नावे रेखाटली, ती पाहिलेल्या माणसास नाटकाच्या नावाबरोबर त्या नावाचा आकारही आठवतो, हा माझा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांचा असेल. शोकान्त नाटकाचे नाव आणि प्रहसनाचे नाव यांस ते एकच साचा लावीत नसत. कोठे शिरोरेषाच काढून टाकीत, कोठे एखादा काना लांबवून त्यावर साऱ्या नावाचा तोल पेलीत, आणि हे सर्व करूनही नाव वाचता येत असे. आज अक्षर तयार मिळते, म्हणून रेखाटणाऱ्याचा हात आपणांस लागत नाही. परंतु रेखाटणाऱ्याचा डोळा मात्र लागतोच, आणि ती जबाबदारी आता निवडणाऱ्याच्या शिरावर येऊन पडली आहे.

सुदैवाने निवडण्याजोगे पुष्कळ निर्माण झाले आहे, आणि त्यात मुंबई-पुण्याच्या तरुण अक्षरकारांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेतील सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचे ‘मोदक’ घ्या: अक्षर जितके जाड करता येईल तितके जाड करून पोकळ्यांच्या जागी केवळ पांढऱ्या रेषा राखल्या आहेत, आणि तरीही जोडाक्षर बुजत नाही, कारण पांढऱ्या रेषांचा विचार काळ्या आकाराइतकाच काळजीने केलेला आहे. मुलांच्या पुस्तकावर, मिठाईच्या पेटीवर, उत्सवाच्या पत्रकावर ते शोभते. श्रद्धांजलीच्या सभेवर ते लावणे असभ्यपणाचे होईल. त्याच संस्थेचे ‘जैनी’ हे वळण जैनांच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतील लेखनावर आधारलेले आहे. त्यात बोरूची चाल इतकी स्पष्ट आहे की संतसाहित्याच्या किंवा इतिहासाच्या ग्रंथास ते एका क्षणात भारदस्तपणा देते. ‘यात्रा’ हे वळण मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून घेतलेले आहे, आणि ते पाहताच फलाटाची आठवण होते. एखाद्या अक्षरास असा गावचा, धंद्याचा किंवा लेखणीचा पत्ता असला, म्हणजे ते कोठे बसेल आणि कोठे बसणार नाही हे सांगणे सोपे जाते. ज्या अक्षरास असा कोणताच पत्ता नाही, केवळ रोमन अक्षराचे तुकडे कापून त्यांवर शिरोरेषा ठोकलेली आहे, ते मी तरी मथळ्यास वापरणार नाही. आपल्या बोरूची कापणी रोमन लेखणीच्या उलट दिशेस तिरपी, म्हणून तिरप्या रेषेत रोमन अक्षर जेथे जाड होते तेथे नागरी बारीक होते, आणि हे न जाणता केलेले अनुकरण कितीही चकचकीत असले तरी डोळ्यास खुपते.

पाट्यांचा विषय आलाच आहे, म्हणून एका गोष्टीचा उल्लेख करतो. २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती होऊन नामफलकावर मराठी नाव देवनागरीत प्रथम असावे, आणि त्याचे अक्षर इतर भाषांतील अक्षरांहून लहान नसावे, असे ठरले. कायद्याने आपले काम केले. परंतु नागरीस वरखालचे मजले राखून ठेवावे लागत असल्यामुळे, दोन्ही लिपींचे पॉइंटांचे माप सारखे ठेवले तरी मधल्या मजल्यावरील मूळ नागरी अक्षर बहुतेक वेळा रोमन मोठ्या अक्षराहून ठेंगणे दिसते. आणि दुकानदाराने पैसे खर्चून मुंबईच्या नामांकित अभिकल्पकाकडून करवून घेतलेल्या इंग्रजी नावावर, रातोरात संगणकातून काढलेले मराठी नाव चिकटवून दिले, तर मापाची अट पुरी होऊनही मराठी शब्द पाहुण्यासारखा संकोचून बसतो. कायद्यास सौंदर्य मोजता येत नाही, आणि त्याने मोजूही नये. ते काम आपले आहे.

आपल्यापैकी कोणी लवकरच लग्नपत्रिका छापील, कोणी स्मरणिकेचे मुखपृष्ठ ठरवील, कोणी दुकानाची पाटी करावयास टाकील. त्या वेळी मुद्रकाने पुढे केलेल्या नमुन्यावर बोट ठेवून मोकळे होऊ नका. आपले नाव, आपले शब्द, त्यांतील रफार-उकारांसह, कागदावर लिहून द्या. ते तीन निरनिराळ्या वळणांत, शेवटी ज्या मापात लागावयाचे त्याच मापात काढून मागा. ते कागद दारावर चिकटवून रस्ता ओलांडा, पलीकडे उभे राहून वाचा, आणि घरातील ज्या वडीलधाऱ्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांनाही तेथे उभे करून वाचावयास सांगा. त्यांना जे वाचता येईल, तेच लावा.