माघातला वसंत : लखनऊ छावणीतील घरची बाग



मराठी पंचांगातील वसंत चैत्राबरोबर येतो. गुढी उभारली, कडुनिंबाचा कोवळा पाला वाटून तोंडात टाकला, की घरोघरी वसंताचे स्वागत झाले असे मानतात. लखनऊ छावणीत मात्र चैत्र उजाडेपर्यंत बागेतील वसंत बहुतेक आटोपलेला असतो. तेथे फुलांचा ऐन हंगाम माघ-फाल्गुनात, साधारण फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असतो. पुढे पश्चिमेकडून कोरडे वारे सुटतात आणि पाकळ्या कडेने करपू लागतात. सहा-सात आठवड्यांच्या या वैभवाची तयारी चार महिने आधी सुरू करावी लागते, आणि सैन्याच्या नोकरीनिमित्त दख्खनातून तेथे गेलेल्या मराठी कुटुंबाचा हा हिशेब पहिल्या वर्षी हमखास चुकतो.

चूक समजण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत थंडी सौम्य असते आणि झाडांना हिवाळ्याची सक्तीची झोप घ्यावी लागत नाही. मराठी बागाईतदार वसंताला ओळखतो तो ‘आंबे बहार’ या नावाने. बहार हा शब्द मुळात फारसी, आणि त्याचा अर्थच वसंत. संत्र्याला किंवा डाळिंबाला डिसेंबरच्या सुमारास पाण्याचा ताण द्यायचा, पाने पिवळी पडून गळू लागली की जानेवारीत पुन्हा पाणी सोडायचे. मग नवी पालवी आणि फुले एकदम येतात. म्हणजे दख्खनात झाडाची विश्रांती माणूस पाणी तोडून घडवून आणतो. लखनऊत ते काम थंडी स्वतःच करते. माणसाने फक्त झाडे तिच्यातून जिवंत बाहेर काढायची असतात.

या थंडीशी पहिली ओळख बहुधा भाषेच्या घोटाळ्यातून होते. डिसेंबरच्या अखेरीस माळी आकाशाकडे पाहून म्हणतो, ‘आज पाला पड़ेगा.’ नुकत्याच आलेल्या मराठी गृहिणीला वाटते, झाडांची पाने गळणार. ती खराटा तयार ठेवते. हिंदीतला ‘पाला’ म्हणजे हिमदव. दुसऱ्या दिवशी सकाळी पपईचे रोप आणि कुंडीतील क्रोटन काळवंडून लोळलेले दिसतात, तेव्हा शब्दाचा खरा अर्थ समजतो. जाणती घरे आधीच पराळाची झोपडी करून कोवळी रोपे झाकतात, आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी उघडी ठेवतात आणि अशी रात्र येणार असे दिसले की संध्याकाळी वाफ्यांना हलके पाणी देतात. ओली माती कोरडीपेक्षा उशिरा थंड होते.

ज्या भूमीवर ही बाग उभी राहते तिचा पूर्वेतिहास शांत नाही. १८५७ पूर्वी इंग्रजांची छावणी शहराच्या उत्तरेस मडियाँव येथे होती. उठावानंतर ती दिलकुशाच्या परिसरात वसवली गेली. दिलकुशा कोठी नवाब सआदत अली खान यांच्या काळातली, १८०० च्या सुमाराची. नोव्हेंबर १८५७ मध्ये सेनापती हॅवलॉक येथेच मरण पावला, आणि १८५८ च्या मार्चमध्ये, म्हणजे ऐन फुलांच्या महिन्यात, कॉलिन कॅम्पबेलने शहरावरच्या अंतिम चढाईसाठी प्रथम दिलकुशाच ताब्यात घेतली. आलमबाग, सिकंदरबाग, कैसरबाग ही त्या युद्धाच्या नकाशावरची नावे सगळी बागांची आहेत. सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. त्याच सिकंदरबागेच्या आवारात पुढे प्रा. कैलासनाथ कौल यांनी राष्ट्रीय वनस्पती उद्यान उभे केले. १९५३ मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था झाले. तेथे तयार झालेल्या बोगनवेलीच्या वाणांना ‘बेगम सिकंदर’ आणि ‘वाजिद अली शाह’ अशी नावे आहेत. डिसेंबरातले तिथले शेवंतीचे आणि जानेवारीतले गुलाब-ग्लॅडिओलसचे प्रदर्शन पाहिल्यावाचून छावणीतील हौशी माणसाचा हिवाळा पुरा होत नाही.

प्रत्यक्ष काम मातीपासून सुरू होते. काळ्या मातीची सवय असलेल्या हाताला तिथली गाळाची दुमट माती फसवते. ती भुसभुशीत दिसते, पण पाणी दिल्यावर तिच्यावर पापुद्रा धरतो आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून माळ्याची ‘गोड़ाई’, म्हणजे खुरप्याने माती हलवणे, तिथे पाणी देण्याइतकेच महत्त्वाचे असते. जिल्ह्यात जागोजागी क्षारांची पांढरी बुरशी चढलेली ‘ऊसर’ जमीनही आढळते. बंगल्याच्या कोपऱ्यात तसा पट्टा निघालाच तर माती तपासून जिप्सम आणि भरपूर शेणखत घालण्यावाचून गत्यंतर नाही.

कॅलेंड्युला, पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, पॅन्सी यांचे बी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत रोपवाटिकेत पडले पाहिजे. चार-सहा पाने आली की नोव्हेंबरात रोपे वाफ्यात जातात. स्वीट पी, लार्कस्पर आणि नस्टर्शियम यांना उपटून लावलेले मानवत नाही, त्यांचे बी जागेवरच पेरतात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात होते. जानेवारीत धुके आठ-आठ दिवस सूर्य दिसू देत नाही. अशा वेळी पाणी सकाळी आणि बेताने द्यावे, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी लगेच बसते. या महिन्यात रोपे वाढताना दिसत नाहीत आणि नवशिक्याचा धीर सुटतो. तो खताची मूठ वाढवतो. खरे तर तेव्हा शेंडे खुडून थांबायचे असते. झाड थंडीत मुळे आणि फांद्या धरते आणि ऊन परतले की पंधरवड्यात फुलते.

वसंत पंचमीच्या आसपास कामांची एकच गर्दी उडते. शेवंतीचे वाळलेले दांडे आधीच कापून झालेले असतात, आता बुडाशी फुटलेले धुमारे वेगळे काढून पुढच्या वर्षासाठी जपायचे. मावा गुलाबाच्या कळ्यांवर उतरतो. साबणाचे पाणी किंवा निंबोळी तेल वेळेवर फवारले तर तो आवरतो. आंब्याच्या बुंध्याला पिठ्या ढेकूण वर चढू नयेत म्हणून डिसेंबरातच प्लॅस्टिकचा वीतभर पट्टा बांधून कडा ग्रीसने बुजवलेल्या असतात. मलिहाबादच्या दशहरीचे कूळ शेजारी असल्याने आंब्याची ही काळजी तिथे घरटी घेतली जाते. मोहोर पूर्ण उमलला की फवारणी बंद, कारण मधमाश्या आणि माश्या गेल्या तर फळही गेले. त्याच पंधरवड्यात भेंडी, काकडी, दुधी, दोडका यांचे बी टाकावे लागते. फुलांच्या नादात हे राहिले, तर एप्रिलमध्ये रिकामे वाफे आणि मेमध्ये लू, एवढेच हाती उरते.

विटांना चुना आणि कुंड्यांना गेरू फासला की बाग तयार झाली, असाही एक समज छावणीत आहे. पाहणीच्या दिवशी ती बाग शोभतेही.

पण छावणीतील बागेचा खरा पेच ऋतूचा नाही, बदलीचा आहे. शाळांची वर्षे मार्चमध्ये संपतात आणि बदलीचे आदेश त्याच सुमारास हातात पडतात. ऑक्टोबरात ज्या हातांनी वाफे आखले, तेच हात हॉलिहॉक पुरुषभर उंच झालेले असताना काळ्या पत्र्याच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगाने नवे ठिकाण रंगवत असतात. काही कुटुंबे म्हणून फक्त कुंड्याच ठेवतात. त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही, तरी ज्या आंब्याखाली ती चहा घेतात तो आंबाही कोणीतरी बदलीच्याच नोकरीत लावलेला असतो. बी धरायला एप्रिल उजाडतो. लार्कस्पर आणि कॅलेंड्युलाची वाळलेली बोंडे कागदाच्या पुड्यांत बांधून, वर नाव आणि साल लिहून, काही घरे ती पेटीत ठेवतात, काही माळ्याच्या हवाली करतात.

मराठी घराने मागे ठेवलेले झाड बहुधा कढीलिंबाचे असते. लखनऊच्या थंडीत त्याची पाने पार झडतात आणि काटकी तेवढी उभी राहते. जानेवारीत राहायला आलेले नवे कुटुंब तिला वाळलेली समजून उपटायला निघते. म्हणून जाणारी गृहिणी बंगल्याच्या किल्ल्या देण्याआधी माळ्याला त्या काटकीपाशी नेऊन, आपल्या मोडक्या हिंदीत बजावते : ‘मरा नहीं है. होली तक रुकना.’