सहस्रधारेचें स्नान



हरिद्वारची यात्रा करून परतणारीं आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें डेहराडूनलाही एखादा मुक्काम करतात. त्या शहरापासून मोटारीनें अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, मसुरीच्या डोंगराच्या कुशींत, सहस्रधारा नांवाचें स्थळ आहे. एका वैशाखांत आम्ही तेथें गेलों होतों. आज त्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

हें स्थळ ज्या नदीच्या कांठीं आहे, तिचें नांव बाल्दी. तें ऐकून आपल्या डोळ्यांसमोर न्हाणीघरांतलें भांडें उभें राहतें. पण नांव अगदींच अस्थानीं आहे असें नाहीं, कारण उन्हाळ्यांत सारें शहर तिच्यांत न्हाण्यासाठीं लोटतें. पात्रांत धोंडे रचून ठिकठिकाणीं पाणी अडविलेलें असतें; कोठें तें गुडघ्याइतकें, कोठें कमरेइतकें. फरसबंदी हौदाचा थाट तेथें नाहीं. बसावयास एक धोंडा, कपडे वाळविण्यास दुसरा. पाणी इतकें गार कीं, पहिली बुडी घेण्यापूर्वीं चांगल्या पोहणाऱ्याचाही धीर सुटतो, आणि ती घेतल्यावर बाहेर येण्याचें कोणाच्याच मनांत येत नाहीं.

जवळच गंधकाचा झरा आहे. ज्यांनीं शाळेंत रसायनशास्त्राचे तास काढले, त्यांना त्या वासानें किपच्या उपकरणाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या वज्रेश्वरीचें किंवा उन्हेऱ्याचें पाणी ऊन असतें. हें मात्र थंड. त्वचेच्या विकारांवर तें गुणकारी आहे, अशी लोकांची श्रद्धा आहे.

परंतु खरी नवलाई आहे ती गुहांत. मान लववून आंत शिरावें, तों छतांतून असंख्य थेंब अंगावर पडूं लागतात. याच त्या सहस्र धारा. पावसाचें पाणी मातींतून मुरतांना कर्बाम्ल वायु शोषून घेतें व किंचित् आंबट बनतें. तें चुनखडीच्या भेगांतून उतरतांना चुनखडी विरघळविते आणि उघड्यावर येतांच वायु निसटून जाऊन चुन्याचा थर मागें ठेवतें. छताला लोंबणारे दगडी लोलक हे असे कणाकणानें वाढलेले आहेत. तात्पर्य, हा डोंगर म्हणजे एक अवाढव्य सांठवण आहे. दिवाळीनंतर भरलेली कणगी आषाढापर्यंत पुरविणाऱ्या गृहिणीप्रमाणें तो पावसाळ्यांतलें पाणी उन्हाळ्यांत जपून सोडतो.

पण या चुनखडीला बाजारांतही मोल आहे. कारखान्यांसाठीं येथील डोंगर सुरुंग लावून फोडण्यांत आले. झाडें गेलीं, माती वाहून गेली, झरे रोडावले. १९८३ मध्यें डेहराडूनच्या एका संस्थेनें सर्वोच्च न्यायालयाला याबद्दल पत्र लिहिलें. न्यायालयानें तें पत्रच अर्ज मानून तज्ज्ञांकरवीं चौकशी करविली, आणि १२ मार्च १९८५ रोजीं अनेक खाणी बंद करण्याचा हुकूम दिला. ज्या मजुरांचें काम जाणार, त्यांना वृक्षलागवडीच्या कामांत शक्य तितकें सामावून घ्यावें, असेंही त्यांत सांगितलें होतें. पोटाचा प्रश्न विसरून पाण्याचा प्रश्न सुटत नाहीं, हें न्यायालयानें ओळखलें होतें.

पुढची हकीगत अधिक आशादायक आहे. सहस्रधारेजवळच्या एका सोडून दिलेल्या खाणीची ६४ हेक्टर जमीन डेहराडूनच्या मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेनें १९८४ पासून सुधारावयास घेतली. तारेच्या जाळींत दगड भरून बंधारे घातले, गवत लाविलें, झाडें लाविलीं. पूर्वीं शेंकडा १० भागावर असलेली हिरवळ शेंकडा ८० भागावर पसरली. पावसाळा संपल्यावर तेथील ओढा सुमारें ६० दिवसांत आटत असे; तो २४० दिवस वाहूं लागला. जखमी डोंगराला थोडा आधार दिला, तर तो पुन्हां पाणी धरूं लागतो, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

तथापि डोंगराची शक्ति अमर्याद नाहीं. १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं तेथें प्रचंड पाऊस कोसळला आणि पुरानें नदीकांठचीं दुकानें ओढून नेलीं. जिल्ह्यांत मनुष्यहानिही झाली. उन्हाळ्यांत जी नदी गुडघाभर असते, तिला पावसाळ्यांत आपली सारी रुंदी लागते. त्या रुंदीवर आपण घरें-दुकानें थाटावीं आणि मग तिला दोष द्यावा, हें न्यायाचें नव्हे.

म्हणून आपण तेथें गेलांत, तर ऋतु पाहून जा, पाण्यांत साबण लावूं नका, आणि खाऊचीं वेष्टनें परत आणा. मुलें हट्ट धरतील. त्यांना मनसोक्त डुंबूं द्या. मग अंग पुसतांना त्यांना वरच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारा, "तुम्ही ज्यांत खेळलांत, तें पाणी कोठून आलें?" पुष्कळशीं मुलें नदीकडे बोट दाखवितील. एखादें मात्र वर पाहील. त्याच्या हातीं झरे सुरक्षित राहतील, असें समजावें.