दोन थेंब निलगिरी



सर्दी झाली की रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकावे. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, तेवढे पुरे. तान्ह्याच्या नाकाशी मात्र ते धरूच नये. चमचाभर पोटात गेले तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. बाटली उघड्या फळीवर नको, कुलुपात ठेवा. चोळायचे तर खोबरेलाच्या १०० थेंबांत दोनच थेंब. पाण्यात ते मिसळत नाही, वर तरंगते आणि कातडीला झोंबते.

लवंगेचे तेल दाढेचा ठणका थांबवते, कीड थांबवीत नाही. ठणका थांबला की आमचा कामगार पाळीवर जातो, कारण खाडा परवडत नाही. कामगार राज्य विमा योजनेत उपचाराची आणि आजारपणाच्या भत्त्याची तरतूद आहे. ज्यांना ती लागू आहे त्यांनी दुखणे अंगावर न काढता दवाखाना गाठावा. रांग लांब असते, हे मला ठाऊक आहे.